सेल्फ टक् करतोय, गाडी सुरू होईना

पाऊस ओसरला की आमच्याकडं येणाऱ्या पत्रांत एक तक्रार हमखास वाढते, चावी फिरवली की टक् होतं आणि पुढं काहीच नाही. या वेळी अशी चार पत्रं एकदम घेतलीत. पहिल्याला जास्त जागा गेलीय कारण त्यात बरंचसं आलंय, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न: दादा नमस्कार, मी सांगलीत विश्रामबागला राहते, शाळेत शिकवते. आमची पेट्रोलची छोटी गाडी आहे, साध्या गिअरची, ७ वर्षं झाली. उन्हाळ्यापासून सकाळी चावी फिरवली की एकदाच टक् होतं आणि गाडी सुरू होत नाही. डॅशबोर्डचे लाईट सगळे लागतात, हॉर्नही जोरात वाजतो. शेजारचे काका म्हणाले बॅटरी गेली असणार, म्हणून जूनमध्ये नवीन टाकली, ४,८०० रुपये गेले. आठ दिवस बरं चाललं मग परत तेच. कधी चौथ्या-पाचव्या वेळेला सुरू होते, कधी दीर धक्का मारतात मग होते. एकदा शाळेच्या गेटसमोरच अडली, मुलांनी ढकलली, दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले तर मागच्या बाकावरनं टक् टक् आवाज. आता गॅरेजवाला म्हणतोय सेल्फ बदला, ९ हजार. मिस्टर म्हणतात गाडीच काढून टाकू. कुणाचं ऐकू?

उत्तर: ताई, मिस्टरांना म्हणावं आठ दिवस दम धरा, आणि गॅरेजवाल्याला म्हणावं सेल्फचं नंतर बघू. काकांवरही रागावू नका, टक् आवाज आला की बऱ्याचदा बॅटरीच निघते, त्यांचा अंदाज अगदीच उगाच नव्हता, फक्त मीटर न लावता केलेला होता. आणि मागच्या बाकावरच्या पोराला मात्र शाबासकी द्या, कारण तो टक् नेमका कसा वाजतो यावरच निम्मं निदान होतंय.

सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर. तिच्या अंगावर एक छोटं नळकांडं असतं, सोलेनॉइड म्हणतात त्याला. चावी फिरवली की त्याच्यातली कॉइल एक लोखंडी दांडा ओढते, त्या ओढण्यानं सेल्फचा दातेरी गिअर पुढं सरकून इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या दात्यात बसतो आणि त्याच वेळी मागं तांब्याचे दोन जाड कॉन्टॅक्ट जुळून बॅटरीचा मोठा करंट मोटरला मिळतो. टक् हा त्या दांड्याचा आवाज. आता बॅटरी उतरलेली असेल तर काय होतं, दांडा ओढला जातो, कॉन्टॅक्ट जुळतात, मोटर करंट खेचायला जाते तसं व्होल्टेज धाडकन खाली येतं, कॉइलला दांडा धरून ठेवायला जोर उरत नाही म्हणून दांडा मागं येतो, लोड सुटला की व्होल्टेज परत वर, परत दांडा पुढं, आणि हे सेकंदाला कितीतरी वेळा चालतं म्हणून टकटकटकटक असा एकसारखा आवाज येतो. मळ्यात व्होल्टेज कमी असलं की विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर कसा कडकड करत राहतो पण पकडत नाही, ते ज्यांनी ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

तुमचा आवाज तो नाही. तुमचा टक् एकदाच होतो, म्हणजे दांडा ओढला गेला आणि धरूनही ठेवला, कॉइलपुरती वीज आहे, पण मोटर फिरत नाही. शिवाय धक्का मारला की गाडी सुरू होते, म्हणजे इंजिन मोकळं आहे, पेट्रोल येतंय, स्पार्क येतोय, तिकडं कुणाला हात लावू देऊ नका. भानगड बॅटरी ते सेल्फ एवढ्याच रस्त्यात आहे.

आणि तुम्ही जाता जाता लिहिलंय की नवीन बॅटरी टाकल्यावर आठ दिवस बरं चाललं. मला संशय आला तो तिथंच. नवीन बॅटरी आठ दिवसांत कशाला खराब होईल? पण बॅटरी बदलताना पोरगा काय करतो, लग, म्हणजे बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर बसणारी वायरीच्या टोकाची पकड, काढतो, हलवतो, परत आवळतो. त्या हलवण्यानं जुना क्षार थोडा खरवडला गेला असेल, आठ दिवस धकलं असेल, मग परत पहिले पाढे पंचावन्न. माझी बाजी लगावर किंवा अर्थिंगवर, म्हणजे करंट बॅटरीकडं परत नेणाऱ्या वायरीवर आहे. शंभर टक्के नाही म्हणत, पण ९ हजार घालायच्या आधी एवढं बघायला एक रविवार सकाळ पुरते.

तुम्ही म्हणाल, लाईट लागतात, हॉर्न वाजतो, मग लग खराब कसा? हा प्रश्न मला सगळेच विचारतात, मिस्त्री लोकसुद्धा. हॉर्नला लागतात ४-५ अँपिअर. सेल्फला छोट्या पेट्रोल गाडीत १०० ते १५० अँपिअर लागतात, डिझेलला त्याच्याही पुढं. समजा लग आणि खुंट यांच्यामध्ये क्षार बसून फक्त ०.०२ ओहमचा अडथळा झालाय, साध्या मीटरवर तो धड दिसणारही नाही. हॉर्नच्या ५ अँपिअरला त्यात फक्त ०.१ व्होल्ट पडतो, हॉर्नला पत्ताही लागत नाही. पण १५० अँपिअरला तिथंच ३ व्होल्ट खाल्ले जातात. बॅटरीत १२ आहेत, सेल्फपाशी पोचले ९ किंवा त्याहून कमी, मोटर कशी फिरणार? म्हणून हॉर्न जोरात वाजतो हे बॅटरीचं किंवा वायरीचं सर्टिफिकेट धरू नका.

आता करायचं काय ते. संध्याकाळी गाडी भिंतीकडं तोंड करून लावा, हेडलाईट लावा आणि दिरांना भिंतीवरचा उजेड बघायला सांगून चावी फिरवा. टक् झाल्यावर उजेड पार मालवला तर एकतर बॅटरीत दम नाही, नाहीतर बॅटरीचा लगच सैल आहे कारण हेडलाईटचीही वीज त्याच लगातून जाते, नाहीतर मग सेल्फ किंवा इंजिन जाम होऊन करंट नुसता खेचला जातोय, पण तुमची गाडी ढकलून सुरू होते तेव्हा इंजिनाचं सोडा. उजेड जवळजवळ तसाच राहिला तर मोठा करंट निघतच नाही, मग इंजिनाची अर्थिंगची पट्टी, सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट किंवा सेल्फचे कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला टेकून करंट देणारे तुकडे, यांच्याकडं बघायचं.

त्यानंतर बॉनेट उघडा, गाडी बंद, चावी बाहेर. बॅटरीचे दोन्ही लग हातानं पिळून बघा. हातानं फिरला तर तो सैलच, आवळलाय असं कुणी शपथेवर सांगितलं तरी. आपल्याकडं बॅटऱ्यांचे शिशाचे खुंट काहींचे जाड काहींचे बारीक असतात, नवीन बॅटरीचा खुंट बारीक निघाला की दुकानातला पोरगा लगात पत्र्याची पट्टी नाहीतर तांब्याची तार कोंबून ठोकून बसवतो, तसलं काही दिसलं तर तिथंच थांबा, योग्य मापाचा लग आणून बसवा. साफ करायचं तर बहुतेक गाड्यांना दहाचा पाना लागतो, काळी म्हणजे निगेटिव्ह आधी काढायची आणि बसवताना सगळ्यात शेवटी बसवायची, कारण लाल आवळताना पाना बॉडीला टेकला आणि काळी जोडलेली असली तर ठिणगीचा जाळ होतो, पाना चिकटून बसतो. पांढरा-हिरवा क्षार असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा कालवून ओता, फसफसेल, फसफसणं थांबलं की साध्या पाण्यानं धुऊन कोरडं करा. आणि मग पॉलिश पेपरनं खुंट बाहेरनं आणि लग आतनं, आतनं हे महत्त्वाचं, चकाकेपर्यंत घासा. बाहेरनं चकचकीत आणि आतनं काळाकुट्ट असे लग मी ढिगानं बघितलेत. आवळून झाल्यावर वरनं थोडं व्हॅसलीन लावा, आधी नाही.

मग अर्थिंग. बॅटरीची काळी वायर बॉडीला जाते आणि तिथनं एक वायर किंवा विणलेली पट्टी इंजिनाला नाहीतर गिअरबॉक्सला जाते. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून वेगळंच, सेल्फचा सगळा करंट परत यायला हीच पट्टी. आपल्याकडं पावसाचा चिखल, ऊसाच्या ट्रॉलीमागनं उडणारी राड, सगळं खालनं तिथं जाऊन बसतंय आणि नट आतल्या आत गंजतो. हे तपासायला मीटर पण नको, जंपर केबल, म्हणजे दोन गाड्यांच्या बॅटऱ्या जोडायच्या जाड वायरी, त्यातली एक घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, फिरणाऱ्या बेल्टपासून आणि फॅनपासून लांब. गाडी न्यूट्रलला टाकून चावी मारा. झटक्यात सुरू झाली तर दुखणं सापडलं, पट्टी बदला.

हे मला इतकं ठामपणे सांगता येतंय कारण मी स्वतः फसलोय. माझी जुनी गाडी सांगलीत मार्केट यार्डाच्या तोंडाशी ऐन हळदीच्या सीझनला अशीच टक् करून बसली, मागं टेम्पोंची रांग, हमाल हसतायत. एका गॅरेजनं सेल्फ बदलला, महिन्यानं परत तेच, दुसऱ्यानं तो नवीन सेल्फ डुप्लिकेट आहे म्हणून आणखी एक बसवला. तिसऱ्या वेळेला एका म्हाताऱ्या वायरमननं खाली वाकून गिअरबॉक्सवरचा एक गंजका बोल्ट काढला, घासला, परत लावला, आणि चहाचे पैसे मागितले. दोन सेल्फ अजून माळ्यावर आहेत, दोन्ही चांगले!

मीटर असेल घरात तर काम अजून पक्कं होतं, साधा डिजिटल मल्टिमीटर चालतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी १२.६ च्या आसपास दाखवली तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली की रिकामीच समजा. मग चावी मारताना बघायचं. मीटरच्या काड्या शिशाच्या खुंटावर धरा, लगावर नको. टक् होताना आकडा ८-९ पर्यंत कोसळला तर बॅटरी कमजोर किंवा सेल्फ जाम, चांगली बॅटरी सेल्फ फिरवताना ९.६ च्या खाली जाऊ नये. आणि आकडा १२ च्या वरच राहिला तर बॅटरी निर्दोष, करंट वाटेतच अडलाय. कुठं अडलाय तेही कळतं, एक काडी निगेटिव्ह खुंटावर, दुसरी इंजिनाच्या लोखंडावर, कुणीतरी चावी मारायची. ०.२-०.३ च्या वर गेलं तर अर्थिंग खराब. तसंच पॉझिटिव्ह खुंट ते सेल्फचा बॅटरीकडनं येणाऱ्या वायरीचा मोठा बोल्ट, तिथं अर्ध्या व्होल्टच्या वर नको. सेल्फपर्यंत हात पोचत नसेल तर हे वायरमनकडनं करून घ्या, गाडीखाली शिरून करू नका.

एवढं करून सगळे आकडे बरोबर आले, सेल्फच्या बोल्टवर पूर्ण व्होल्टेज आहे, अर्थिंग चोख आहे आणि तरी नुसतं टक्, तर मग गॅरेजवाला बरोबर, सेल्फच. पण तेव्हाही बदला असं म्हणायच्या आधी खोला असं म्हणा. चौथ्या-पाचव्या वेळेला सुरू होणारा सेल्फ बहुधा कार्बन झिजलेला किंवा सोलेनॉइडचे तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेला असतो, दोन्ही वेगळे मिळतात. सांगली-मिरज रोडच्या आजूबाजूला आणि कुपवाडकडं सेल्फ-अल्टरनेटर खोलून कार्बन, बुश घालून टेबलावर फिरवून दाखवणारे मिस्त्री आहेत, त्यांचं बिल नव्या सेल्फच्या मानानं पुष्कळ कमी होतं. फक्त आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, जळालेलं निघालं तर मात्र दुरुस्तीच्या नादी लागू नका. सेल्फवर पान्यानं हलकं ठोकलं की गाडी सुरू होते ही युक्ती खरी आहे, झिजलेले कार्बन हादऱ्यानं परत टेकतात म्हणून होते, ती घरी पोचण्यापुरती वापरा. काहीजण ती दोन-दोन वर्षं वापरतात आणि डिकीत कायमचा हातोडा ठेवतात, त्यांना माझा नमस्कार.

प्रश्न: मी सांगलीच्या गावभागातला. दोन वर्षांमागं डिझेल गाडी सेकंडहँड घेतली, स्वस्तात मिळाली. आता कळलं की ती २०१९ च्या पुरात उभी होती. हल्ली चावी मारली की दणकन एक टक् होतं, लाईट मंद होतात, बॅटरीची काळी वायर गरम लागते. गाडी कामातनं गेली का?

उत्तर: गेलीच असं नाही भाऊ, पण वायर गरम होतीये हे चांगलं लक्षण नाही, चावी धरून ठेवू नका, ५-७ सेकंदांच्या वर तर नाहीच. लाईट मंद होतायत म्हणजे करंट भरपूर निघतोय पण फिरत काही नाही. सेल्फ इंजिनात खालच्या अंगाला असतो, पाणी चढलं की पहिल्यांदा बुडणाऱ्यांत तो. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी तिथं ४५, मग गावभागात उभ्या गाडीच्या सेल्फात काय गेलं असेल ते तुम्हाला मी काय सांगायचं. गाळ राहिला की बुश, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या कड्या, गंजतात आणि आर्मेचर घासायला लागतं.

इंजिन मोकळं आहे का ते आधी बघून घ्या. चावी बाहेर, काळी वायर काढलेली, गाडी न्यूट्रलला, आणि क्रँकच्या पुलीच्या बोल्टला लांब पाना लावून मिस्त्रीला इंजिन हातानं फिरवायला सांगा. फिरलं तर सेल्फ खोला आणि बॅटरीपासनं इंजिनापर्यंतची काळी वायर नवीनच टाका, बाहेरनं प्लास्टिक चांगलं दिसलं तरी आतलं तांबं काळं पडलेलं असतं. इंजिनच फिरेना तर मग सेल्फचा दोष नाही, दुखणं मोठं आहे.

यावरनं आठवलं म्हणून बाकीच्यांसाठी, गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर पाणी उतरल्यावर उत्साहानं सेल्फ मारू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलेंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि जी गाडी धुऊन, ऑइल बदलून सुटली असती तिचं इंजिन उतरवावं लागतं. आणि सेकंडहँड घेताना सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघत जा, मालक सीट धुतो, कार्पेट बदलतो, सीटबेल्टच्या आतल्या वावभर पट्ट्यावरचा गाळाचा डाग विसरतो.

प्रश्न: काका, मी पुण्यात नोकरीला, गाडी मिरजेत घरी उभी असते. दोन आठवड्यांनी येतो तेव्हा टकटकटकटक. बॅटरी ३५ अँपिअरची, वर्षाचीच आहे, दुकानात टेस्ट केली तर चांगली म्हणाले. मध्ये डॅशकॅम बसवलाय. बाबा रोज १० मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवतात तरी असं का?

उत्तर: तुझा आवाज खरा बॅटरी उतरल्याचा आहे. गाडी बंद असली तरी लॉक, अलार्म, कॉम्प्युटर थोडी वीज खातच असतात, साधारण ०.०५ अँपिअरपर्यंत ठीक. दिवसाला १.२ अँपिअर-अवर होतात, १४-१५ दिवसांत ३५ ची बॅटरी निम्म्यावर येते, तेवढ्यावरही चांगली बॅटरी गाडी उचलते. पण डॅशकॅम पार्किंग मोडवर चालू राहून समजा ०.३ अँपिअर घेत असेल तर दिवसाला ७.२, पाच दिवसांत बॅटरी खल्लास. आधी त्याची वायर चावीवर चालणाऱ्या फ्यूजला घ्यायला सांग. आणि बाबांना सांग जागेवर १० मिनिटं नको, सेल्फ मारताना जे गेलं ते कसंबसं भरतं, एवढंच. त्यापेक्षा आठवड्यातनं एकदा अंकलीपर्यंत जाऊन यावं, नाहीतर जाताना तूच काळी वायर काढून ठेव. गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ दिसतंय का तेही बघून घे, नसेल तर बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरचा दोष.

जंप द्यायची, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरनं सुरू करायची वेळ आली तर लाल आधी उतरलेल्या बॅटरीला, मग चांगल्या बॅटरीला, मग काळी चांगल्या बॅटरीला आणि काळीचं शेवटचं टोक तुझ्या गाडीच्या इंजिनाच्या लोखंडाला, बॅटरीवर नाही, कारण बॅटरीतनं हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी हमखास पडते. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर चालेल, ट्रॅक्टर बहुतेक १२ व्होल्टचेच असतात, तरी बघून घे. ऊसाच्या ट्रकवरनं मात्र कुणी कितीही प्रेमानं देतो म्हणाला तरी घेऊ नकोस, तो बऱ्याचदा २४ व्होल्टचा असतो, गाडीचा कॉम्प्युटर जाऊ शकतो.

प्रश्न: आमची ऑटोमॅटिक आहे, बटण दाबायची. बटण दाबलं की टक् पण होत नाही, डॅशबोर्ड लागतो. धक्का मारून सुरू करू का? (तासगावहून एक आजोबा)

उत्तर: आजोबा, ऑटोमॅटिकला धक्का मारून उपयोग नाही, चाकांकडनं इंजिन फिरत नाही त्यात, उगाच कुणाची तरी कंबर धरेल. टक् पण नाही म्हणजे बहुधा सेल्फपर्यंत हुकूमच पोचला नाही. ब्रेक पूर्ण दाबून बघा, मागचे ब्रेकलाईट लागतायत का ते नातवाला बघायला सांगा, लागत नसतील तर ब्रेकचा स्विच नाहीतर त्याचा फ्यूज. लागत असतील तर लिव्हर पी मधनं एन ला घेऊन ब्रेक दाबूनच परत बटण दाबा. तरीही नाही झालं तर रिमोटचा सेल उतरला असेल, रिमोटच बटणाला टेकवून त्यानंच बटण दाबा, पुष्कळ गाड्या तेवढ्यावर ओळखतात, काहींना रिमोट ठेवायची वेगळी जागा असते ती गाडीच्या पुस्तकात चित्रासकट दिलेली आहे.